सरावाशिवाय परीक्षा

२०२६ च्या जानेवारीत महापालिकांच्या निवडणुका झाल्या. तेव्हापासून एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. ते वाक्य असं : "आजकालच्या पोरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही." हे मी संक्रांतीच्या हळदीकुंकवात ऐकलं, पेन्शनच्या रांगेत ऐकलं आणि आमच्या बागेतल्या सकाळच्या कट्ट्यावर तर रोजच ऐकते. म्हणणारे सगळे माझ्याच वयाचे. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचजण स्वतःच्या नातवंडांना "तू त्या भानगडीत पडू नकोस हं" असंही बजावणारे!

मला हे वाक्य पटत नाही. चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. मुलांना एखादी गोष्ट येत नसेल तर आधी एवढंच विचारायचं असतं, की ती आपण त्यांना कधी करू दिली का? पोहणं पुस्तकातून शिकवून कुणी पोरांना विहिरीत ढकलत नाही. मतदानाच्या बाबतीत मात्र आपण महाराष्ट्रात तीस वर्षांहून जास्त काळ नेमकं तेच करत आलो आहोत. कॉलेजात सराव बंद आणि बाहेर परीक्षा चालू. वर पोरं नापास झाली म्हणून पोरांनाच बोल!

हे जरा उलगडून सांगते.

मी १९६७ साली अकरावी मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले. तेव्हा देशात मतदानाचं वय होतं एकवीस. म्हणजे सतरा-अठरा वर्षांची आम्ही मुलं आमदार-खासदार निवडायला अपात्र होतो. पण वर्गाचा सी.आर. आम्ही निवडायचो, मुलींची एल.आर. निवडायचो आणि जी.एस. कोण होणार यावरून महिनाभर कॉलेज घुमायचं. मी स्वतः दुसऱ्या वर्षाला एल.आर.साठी उभी राहिले होते. माझे मुद्दे दोन. मुलींच्या कॉमन रूममध्ये पिण्याच्या पाण्याचा माठ हवा आणि बाहेरगावच्या मुलींची शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून तिचा शेवटचा तास लवकर सोडावा. चौदा मतांनी पडले! दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी निवडून आलेली मुलगी आपणहून आली आणि म्हणाली, "एस.टी.चं तूच प्राचार्यांशी बोल, तुला जास्त माहितीय." बोलले. महिन्याभरात तास बदलला.

पडल्यावर तोंड कसं ठेवायचं, जिंकल्यावर पडलेल्याला कसं बरोबर घ्यायचं, अर्ज कुणाकडे करायचा, साहेब नाही म्हणाले तर पुन्हा कसं जायचं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. १९७२ साली विधानसभेला पहिलं मत दिलं तेव्हा मी त्या केंद्रावर नवखी नव्हते. चिठ्ठी, शिक्का, पेटी, मोजणी, सगळं ओळखीचं होतं.

आता त्या काळचं नुसतं कौतुक करून मी थांबणार नाही. वाईटही पुष्कळ होतं. बऱ्याच ठिकाणी सगळ्या विद्यार्थ्यांनी सी.आर. निवडायचे आणि सी.आर. मंडळींनी जी.एस. निवडायचा अशी पद्धत होती. त्यामुळे मतदार अगदी थोडे. थोडे मतदार म्हटल्यावर त्यांना पळवणं सोपं! निवडणुकीआधी चार दिवस सी.आर. गायब व्हायचे आणि मग महाबळेश्वरला सापडायचे. मिसळ-पावाच्या मेजवान्या व्हायच्या. (आजकाल आमदारांच्या रिसॉर्टच्या बातम्या वाचून आमच्या पिढीला फारसं नवल वाटत नाही ते यामुळेच.) पुढे ऐंशीच्या दशकात हाणामाऱ्या वाढल्या, बाहेरचे गुंड आवारात शिरू लागले आणि १९८९ साली मुंबईत तर कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. आईबाप धास्तावले, प्राचार्य धास्तावले, आणि ते रास्तच होतं.

त्यावर सरकारनं जे औषध काढलं ते १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात आलं. निवडणूकच काढून टाकली. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. शिवाय खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी., सांस्कृतिक यांतून एकेक आणि दोन मुली, याही प्राचार्यांनीच नेमायच्या. मग या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. बाकी हजार-दोन हजार विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आता योगायोग पाहा. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनं मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते २८ मार्च १९८९ पासून. म्हणजे देशानं अठरा वर्षांच्या पोराला सांगितलं, "तू शहाणा झालास, पंतप्रधान कोण व्हावा यात तुझं मत घेऊ." आणि पाचच वर्षांनी महाराष्ट्रानं त्याच पोराला सांगितलं, "पण वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याइतकी अक्कल तुला नाही." आमचं नेमकं उलटं होतं. आम्हाला देशाचं मत नव्हतं पण कॉलेजचं होतं. दोन्ही एकाच वेळी हाती असलेली विद्यार्थ्यांची पिढी महाराष्ट्रात जेमतेम चार-पाच वर्षांची!

कुणी म्हणेल, पहिला आलेला मुलगा प्रतिनिधी झाला तर बिघडलं काय? मी शिक्षिका आहे, मार्कांचा दुस्वास मी कशाला करू? पण मार्क ज्याचे त्याचे असतात. प्रतिनिधी लोकांचा असतो. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला मागच्या बाकावरच्याचं मेसचं बिल थकलंय हे ठाऊक असायलाच हवं असं नाही. आणि मुख्य म्हणजे ज्याला प्राचार्यांनी नेमलं तो प्राचार्यांकडे बघणार. ज्याला मुलांनी निवडलं त्याला पुन्हा मुलांकडे यावं लागतं. फरक एवढाच आहे, पण सगळा फरक त्यातच आहे.

बरं, चूक झाली हे पुढे सरकारलाही पटलं. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम आला, तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात कलम ९९ खाली विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका पुन्हा आणल्या. गुप्त मतदान, अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी आणि प्रत्येक वर्गाचा वर्गप्रतिनिधी, असं सगळं व्यवस्थित लिहिलंय. २०१८ साली नियम झाले. २०१९ च्या पावसाळ्यात तारखाही ठरल्या. आणि मग विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून त्या पुढे ढकलल्या! मोठ्यांच्या निवडणुकीला छोट्यांची अडचण नको. २०२० ला करोना आला, कॉलेजंच बंद झाली. कॉलेजं पुन्हा उघडली, लग्नं झाली, सभा झाल्या, लोकसभा झाली, विधानसभा झाली. कलम ९९ मात्र पुढची कित्येक वर्षं पुस्तकातच बसून राहिलं.

याबद्दल बोलायला लागलं की तीन-चार आक्षेप हमखास येतात. त्यांना टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप : "पुन्हा मारामाऱ्या होतील." होऊ शकतात, मी नाही म्हणणार नाही. पण त्यावर विचार झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयानं तिच्या शिफारशी लागू केल्या. त्या वाचण्यासारख्या आहेत. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांच्या आत. छापील पोस्टर नाही, हातानं केलेलंच. लाउडस्पीकर नाही, गाड्या नाहीत. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. त्या वर्षी एखादा विषय राहिलेला नको. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वय बावीसपर्यंत. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येईल. म्हणजे दहा-दहा वर्षं कॉलेजात ठाण मांडून बसणाऱ्या 'विद्यार्थी' नेत्यांची वाटच बंद. आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत उरकायचं. "अभ्यासाचं नुकसान होतं" या दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर यातच आलं. गॅदरिंगच्या तालमींना याहून जास्त दिवस जातात.

नियम कागदावरच राहतात, असं तुम्ही म्हणाल. राहतात खरे. दिल्ली विद्यापीठात २७ सप्टेंबर २०२४ ला निवडणूक झाली. त्याआधी छापील पोस्टरांनी आणि रंगांनी भिंती इतक्या बरबटवल्या होत्या की प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं काय करावं? निवडणुका कायमच्या बंद करा असं नाही सांगितलं. मतदान होऊ दिलं आणि बजावलं, आधी भिंती साफ करा, मग मोजणी. निकाल लागायला २५ नोव्हेंबर उजाडला. मला ही शिक्षा फार आवडली. शाळेत बाक कोरणाऱ्या मुलाला आम्ही शाळेतून काढून टाकत नव्हतो. पॉलिश पेपर देऊन बाक घासायला लावत होतो. चुकीला शिक्षा हवीच, पण ज्यानं चूक केली त्याला. वर्गातली दोन मुलं भांडली म्हणून सगळ्या शाळेची मधली सुट्टी तीस वर्षं बंद ठेवणारा मुख्याध्यापक तुम्ही पाहिलाय का?

तिसरा आक्षेप : "राजकीय पक्ष कॉलेजात शिरतील." अहो, ते बाहेर गेले होते कधी? निवडणुका बंद झाल्या, पण पक्षांच्या विद्यार्थी संघटना काही बंद झाल्या नाहीत. फरक एवढाच पडला की आधी त्यांना मुलांची मतं मागावी लागायची, आता लागत नाहीत. मुलांना विचारल्याशिवाय मुलांचे नेते होता येतं. कॉलेजच्या फाटकासमोर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात त्यावरचे किती चेहरे त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी निवडलेत? कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या, कुणाचा उजवा हात ही आता पुढारी होण्याची वाट झालीय. सामान्य घरातल्या हुशार, धडपड्या मुलामुलीला राजकारणात शिरायला जी एक अरुंद का होईना पण सरळ पायरी होती, ती आपण काढून टाकली.

ती पायरी काय करू शकते याचं एक उदाहरण देते. १९७३ साली पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते लालूप्रसाद यादव, सरचिटणीस होते सुशीलकुमार मोदी आणि सहसचिव रविशंकर प्रसाद. पुढे लालूप्रसाद एका बाजूला आणि बाकीचे दोघे दुसऱ्या बाजूला, असे हे परस्परविरोधी पक्षांत गेले, एकमेकांवर तुटून पडले. त्यातलं कुणी कुणाला आवडो न आवडो, पण एका कॉलेजवयात तिघांनी एकाच मंडळात काम केलं, मतभेदासकट. आणि तीनही मुलगे राजघराण्यातले वगैरे नव्हते. गुजरातचंही तेच. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात वसतिगृहाच्या जेवणाचे दर वाढले म्हणून मुलं बिथरली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. नवनिर्माण आंदोलन ते हेच. त्यात जाळपोळ झाली, माणसं गेली, हेही विसरता येत नाही. म्हणून तर मला वाटतं की मुलांच्या मेसच्या तक्रारीला आवारातच, टेबलाशी बसून बोलायची जागा हवी. जिथे प्रतिनिधी असतो तिथे तक्रार अर्जातून येते. जिथे नसतो तिथे ती दगडातून येते.

चौथा आक्षेप कुणी उघड बोलत नाही पण मनात असतो : "पोरांना एवढी समज कुठे?" यावर मात्र मी अधिकारवाणीनं बोलू शकते. आमच्या शाळेत दर जूनअखेर शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची. अनेक वर्षं ते काम माझ्याकडे होतं. पाचवी ते नववीची मुलं. सूचक, अनुमोदक, अर्ज माघारी, सगळं रीतसर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मतपेटी. शिपाईमामांच्या स्टॅम्पपॅडची शाई बोटाला. मोजणी फळ्यावर, पाच-पाचच्या रेघा मारून, सगळ्यांसमोर.

एका वर्षी सातवीतला एक मुलगा "शनिवारी गृहपाठ नाही" असं आश्वासन देऊन दणदणीत मतांनी अभ्यासमंत्री झाला. दुसऱ्याच दिवशी शिक्षकखोलीत हजर! मी त्याला बसवून सांगितलं, "बाळा, गृहपाठ कमी करणं मंत्र्याच्या हातात नाही. आता तूच वर्गाला जाऊन सांग." तो गेला. वर्गानं त्याला असा काही घेतला म्हणता! पण त्यानं एक केलं. सगळ्या विषयांचा गृहपाठ सोमवारीच तपासायला मागतात, तो वारांमध्ये विभागून द्या अशी मागणी वर्गाशी बोलून आणली. ती आम्ही मान्य केली. पुढच्या वर्षी "हे करता येईल का?" असं पोरं उमेदवाराला भर सभेत विचारायला लागली. कुठल्या आश्वासनाला हुरळायचं नाही हे बारा वर्षांच्या मुलांना एका वर्षात कळलं. मग एकोणीस वर्षांच्यांना का कळणार नाही? ज्या महाराष्ट्रात पाचवीतलं पोर शाळेचा स्वच्छतामंत्री निवडतं, तिथे एम.ए.ची मुलगी विद्यापीठाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही, हे कुठल्या नागरिकशास्त्रात बसतं?

आता परीक्षेकडे वळते. २०२४ च्या लोकसभेला देशभरात अठरा-एकोणीस वयाचे नवे मतदार नोंदले गेले ते साधारण १ कोटी ८० लाख. त्या वयाची एकूण मुलं धरली तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्याही खाली येतं. दहातल्या सहा जणांची यादीत नावंच नव्हती. त्यांना मत द्यायचं नव्हतं म्हणून? काही असतीलही तसे. पण माझ्या माहेरच्या घरातलं उदाहरण सांगते. माझ्या भाच्याचा मुलगा वाई तालुक्यातल्या गावाहून येऊन पुण्यात होस्टेलवर राहतो, बी.कॉम.ला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. जानेवारीत मतदानाला जायचं म्हणून उत्साहानं मला विचारायला आला. पण महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्याचं नाव असणं शक्यच नव्हतं. "मग पुढची कधी, आत्याआजी?" म्हणाला. पाच वर्षांनी म्हटल्यावर गप्प झाला. तोवर त्याचं कॉलेज संपलेलं असेल.

आणि या पाच वर्षांचाही भरवसा काय? पुण्यात आधीची महापालिका निवडणूक झाली २०१७ च्या फेब्रुवारीत. मुदत संपली २०२२ च्या मार्चमध्ये. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक. २०१७ च्या मार्चमध्ये ज्याला अठरा पूर्ण झाली, त्यानं पहिल्यांदा नगरसेवकासाठी बटण दाबलं तेव्हा त्याला सत्ताविसावं लागलं होतं. कॉलेजात मत नाही, गावात-शहरात मत नाही. मग एकदम मतदान केंद्रात जाऊन एका प्रभागात चार जागा, चार मतं का द्यायची हे त्याला कुणी शिकवायचं? तरी मुलं गेली. मी माझ्या केंद्रावर रांगेत पाहिली. पडलेलंच नसतं तर हिवाळ्याच्या सकाळी कशाला आली असती?

म्हणून माझं सरकारकडे एकच मागणं आहे, आणि ते कुठल्याही एका पक्षाच्या सरकारकडे नाही, कारण या तीस वर्षांत सगळ्यांची सरकारं येऊन गेली. कलम ९९ अमलात आणा. लिंगडोहचे नियम कडक लावा, हवं तर पहिल्या वर्षी फक्त वर्गप्रतिनिधीपासून सुरुवात करा, पण करा.

तोवर मुलांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. दारं पुष्कळ आहेत, फक्त ती कुणी दाखवत नाही. मी माझ्या नातवंडांना जे सांगते तेच इथे लिहिते, आपल्या घरातल्या मुलांना वाचून दाखवा.

सतरा पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आधीच भरून ठेवता येतो. पूर्वी फक्त १ जानेवारी हीच तारीख धरत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतं. होस्टेलवर राहणाऱ्यांनी तर नीट ऐका. गावाकडे नाव ठेवायचं की होस्टेलच्या पत्त्यावर घ्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. शिक्षणासाठी राहत असाल तर कॉलेजचं बोनाफाईड जोडून तिथेही नोंद होते. फक्त दोन्हीकडे नाव ठेवायचं नाही, तो गुन्हा आहे.

गावाकडे नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात, आमंत्रणाची वाट बघायची नाही. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास असते. बहुतेक सुट्टीचेच दिवस. घरी आलाच आहात तर तासभर जाऊन बसा. पहिल्या वेळी नुसतं ऐका. दुसऱ्या वेळी एक प्रश्न विचारा. कॉमर्सच्या मुलानं ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचून दाखवला तर गावावर उपकार होतील.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत आहे. दरवर्षी अर्ज निघतात. पदपथ, दिवे, बसथांबा, बाक अशी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. कॉलेजच्या रस्त्यावर झेब्रा पट्टे नाहीत म्हणून नुसतं कुरकुरण्यापेक्षा पाच मुलांनी पाच अर्ज भरावेत. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. अर्ज मुद्देसूद लिहिलात तर मराठीच्या निबंधाचाही सराव होईल!

पदवी हातात पडली की आणखी दोन मतं मिळतात आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसतात. एक विद्यापीठाच्या अधिसभेचं, म्हणजे सिनेटचं. नोंदणी केलेले पदवीधर तिथे दहा प्रतिनिधी निवडतात. २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई विद्यापीठाच्या सिनेटसाठी नोंदलेले मतदार होते तेरा हजारांच्या घरात. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर किती लाख असतील, तुम्हीच विचार करा! दुसरं मत पदवीधर मतदारसंघाचं. पदवीला तीन वर्षं झाली की विधान परिषदेच्या त्या आमदारासाठी मत देता येतं, आणि त्याची नोंदणी दर निवडणुकीआधी नव्यानं करावी लागते. सातशे मुलांच्या कॉलेजातून सात जणांनी नोंदणी करायची आणि मग विद्यापीठ कुणाच्या हातात गेलं म्हणून हळहळायचं, याला अर्थ नाही.

एन.एस.एस. करणाऱ्यांना एक वेगळं सांगणं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. वर्षाचे एकशेवीस तास आणि सात दिवसांचं शिबीर. शिबिरात गाव झाडता, बंधारा घालता, छानच. पण त्यातला एक दिवस त्या गावचं ग्रामपंचायत कार्यालय उघडून बसा. गाव का झाडावं लागतं, पैसे कशाला आले होते आणि कशाला गेले, हे विचारा. झाडू मारणं ही सेवा झाली. प्रश्न विचारणं ही नागरिकाची जबाबदारी. दोन्ही हवं.

आणि आईबापांनो, आजीआजोबांनो... "त्या भानगडीत पडू नकोस" हे वाक्य आता घरातून काढून टाका. पोरगं ग्रामसभेला जातो म्हणालं तर डबा भरून द्या. पोरगी विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर निवेदन घेऊन प्राचार्यांकडे गेली तर घरी आल्यावर "काय म्हणाले सर?" असं विचारा, "कशाला गेलीस?" असं नको. भांडणात पडू नको म्हणा, कुणाच्या पैशानं हिंडू नको म्हणा, एखाद्याच्या जातीवरून त्याला जोखू नको म्हणा. पण त्यातून बाहेरच राहा असं म्हणू नका. चांगल्या घरची मुलं बाहेर राहिली म्हणून आत कोण उरलं, हे आपण रोज बातम्यांत बघतोच आहोत.

आपल्या घरात, शेजारात सतरा ते एकवीसचं कुणी असेल तर या आठवड्यात त्याला किंवा तिला एवढंच विचारा, "यादीत नाव आहे का?" नसेल तर शेजारी बसून फॉर्म भरा. तुमच्या कॉलेजातल्या निवडणुकीच्या आठवणी असतील, गोड असोत वा कडू, त्याही जरूर लिहा. मुलांना त्या वाचायला मिळाल्या पाहिजेत. त्यांना वाटतं हे सगळं महाराष्ट्रात कधी नव्हतंच.